परीक्षेची केस

मेडिकल कॉलेजच्या परीक्षेला मला बोलावणं यायचं. परीक्षा डॉक्टर होणाऱ्या पोरांची, आणि मी त्यांची केस. खाटेवर पडून राहायचं, पोरांनी नळी लावून छातीतला आवाज ऐकायचा आणि काय बिघडलंय ते बाहेरगावच्या परीक्षकाला इंग्रजीत सांगायचं. माझा आवाज म्हणे फार स्पष्ट होता. एवढं ऐकून मी पुरीसारखी फुगले.

लग्नातली साडी नेसून, तोंडाला पावडर फासून समुद्रपूरहून एसटीनं निघायची. जामच्या फाट्यावर कोणी विचारलं, "कुठं चालली व बाई?" तर मान ताठ करून सांगायची, "कॉलेजात. परीक्षा हाय." शाळा चौथीत सुटलेली बया ही. वर कॉलेजातल्या मोठ्या डॉक्टरांसाठी आमच्या भाजीच्या वाडीतली वांगी. ते "डाव्या कुशीवर वळा" म्हणायच्या आत मी वळलेली असायची. ते म्हणायचे, "बाई, तुमच्यामुळे आमची पोरं पास होतात." पोरं बक्षिसंही मिळवायची, आणि ही येडी गावभर सांगत फिरायची की कॉलेजचं नाव आपल्या छातीनं काढलं.

घरी मात्र वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन वाडीतून आलं की दम उडायचा. सासू म्हणायची, "परीक्षेले जाता येते, टोपली उचलता येत नाई." पहिली मुलगी झाली होती. आता पोरगा पाहिजे म्हणून सासूनं धोशा लावला होता, आणि मी सोमवार धरत होते.

त्या खेपेला माझ्या खाटेशी एक पोरगी आली, घाबरलेली. नळी लावून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "बाई, दुसऱ्या मुलाचा विचार नाही ना करत?"

"सोमवार धरून राह्यली मी. काऊन?"

तिचा चेहराच उतरला. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही? ऑपरेशनशिवाय दिवस राहिले तर जिवाला धोका आहे. तुमच्या केसवर शिकवतात आम्हाला."

म्हणजे बॅचच्या बॅच माझी छाती पाठ करून गेल्या होत्या आणि मी उपास करत बसले होते.

तेवढ्यात मोठे डॉक्टर परीक्षकांना घेऊन आले. मी उठून बसले आणि पदर गच्च आवळून घेतला.

"बाई, झोपा. वेळ नाही."

"आधी मले सांगा का झालं हाय ते. मराठीत सांगा. मंग नळी लावा."

"नंतर सांगतो. या मुलीची परीक्षा आहे, ती नापास होईल."

"अन् मी मेली असती मंग?"

परीक्षक खिडकीबाहेर बघू लागले. मोठे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मालकांना मी स्वतः सगळं सांगितलं होतं."

"छाती कोणाची हाय, डॉक्टरसाहेब?"

मग त्यांनी सांगितलं. काळजाची एक झडप नीट उघडत नाही, मागे रक्त तुंबतं म्हणून दम लागतो, पोटात बाळ असलं की तो भार सोसवत नाही. नागपुरात ऑपरेशन होतं. चहा निवायच्या आत सांगून झालं. एवढंसं सांगायला त्यांना इतकी वर्षं सवड नव्हती, आणि विचारायची अक्कल मला नव्हती. मी पावडर लावत होते. पोरीला परत नळी लावू दिली. तिचा काय दोष?

घरी मालक अंगणात वांगी निवडत होते. मी विचारलं, "तुमाले माहीत होतं?"

"तू भेली असती म्हणून नाई सांगतलं."

"मी नाई, तुमी भेले. पोरगा हातचा जाईन म्हणून."

त्यांनी किडकं वांगं चांगल्यात टाकलं.

आतून सासू म्हणाली, "छाती फाडून घेते का आता सूनबाई?"

"हो. अन् वाडी विकायची वेळ आली तरी घेईन."

शेतावरून परतणारी माणसं अंगणाबाहेर थांबून बघत होती, तरी मी आवाज खाली आणला नाही. ऑपरेशनची तारीख मीच जाऊन घेतली. मालक आले बरोबर, वळकटी खांद्यावर घेऊन. नागपूरच्या गाडीत शेजारी बसून म्हणाले, "पाणी पिते का?"

मी प्यायले. ऑपरेशन झालं, आणि सोमवार मी परत धरले नाहीत. मुलगी एकच राहिली आमची.