समाजमंदिराचा रॅम्प

निवडणूक कोणीही लढवो आणि कोणीही जिंको, आमच्या वस्तीत ती पार पाडतात माझ्या नणंदेचे सासरे. सरकारला हे ठाऊक नाही, पण त्यामुळे काही अडत नाही. विक्रोळीच्या डोंगरउतारावर आमची वस्ती, वस्तीच्या मधोमध समाजमंदिर आणि समाजमंदिराची चावी त्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, कमरेला. कारखान्यातून निवृत्त झाले त्या दिवसापासून ती तिथेच आहे. एरवी त्या हॉलमध्ये सकाळी बालवाडी भरते, दुपारी आम्हा बायकांचा शिवणवर्ग असतो, मधूनच एखादा साखरपुडा नाहीतर बारसं होतं. पण तात्यांच्या लेखी ही सगळी किरकोळ कामं. समाजमंदिर बांधलं ते मतदान केंद्रासाठी, मधली वर्षं रिकामं कशाला ठेवायचं म्हणून लोकांना वापरू देतात, एवढंच.

आचारसंहिता लागली की तात्यांच्या अंगात येतं. दारावरच्या पाटीवर, बाकांवर, पाण्याच्या टाकीवर जिथे जिथे पुढाऱ्याचं नाव असेल तिथे ते खळ लावून जुनं वर्तमानपत्र चिकटवतात. त्या कागदावर दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्याचा फोटो नाही ना, हे आधी चष्मा लावून बघतात. असं निवडता निवडता शेवटी राशिभविष्याचीच पानं उरतात. त्यामुळे दीड महिना आमच्या टाकीवर वृषभ राशीला प्रवासाचा योग असतो.

मग उमेदवारांच्या चिन्हांची यादी घेऊन ते हॉलमधून फेरी मारतात. एका अपक्षाला कपबशी मिळाली, तर मतदानाच्या साहेबांना चहा स्टीलच्या पेल्यांतून दिला. सगळ्यांची बोटं भाजली. एकदा कोणाला तरी शिलाई मशीन मिळालं, तर शिवणवर्गाची सहाही मशीनं उचलून आमच्या घराघरांत ठेवली. माझ्याकडे आलेलं मशीन चादरीखाली झाकून ठेवायला लावलं आणि वर बजावलं, "सूनबाई, मतदान होईपर्यंत टाका घालायचा नाही." एका वर्षी चिन्ह निघालं पंखा. मे महिना, पत्र्याचं छप्पर, आणि तात्या पंखे उतरवायला शिडी घेऊन हजर. साहेबांनी हात जोडले. तात्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, पंखा फिरत असला की पाती दिसत नाहीत, तेव्हा चालेल, पण मग तो बंद करायचा नाही. दिवसभर ते बटणापाशी स्टूल टाकून बसले. दुपारी पाच मिनिटं वीज गेली तेव्हा तात्यांचा चेहरा बघवत नव्हता.

माझ्या सासूबाई म्हणजे त्यांच्या विहीणबाई. दोघं एकमेकांशी सरळ कधी बोलली नाहीत. त्या म्हणायच्या, आमची पोर दिली ती बऱ्या घरात दिली, पण सासरा मात्र आचारसंहितेशी लग्न लावून बसलाय. तात्या हे ऐकून खूश व्हायचे. सासूबाईंनी आयुष्यात एकही मतदान चुकवलं नव्हतं. पुढे खुब्याचं हाड मोडलं आणि त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या. आमचं घर समाजमंदिराच्याच सपाट गल्लीत, म्हणून मताची काळजी नव्हती.

ती काळजी दोन साहेबांच्या रूपाने आली. ते केंद्राची पाहणी करायला आले, दाराच्या तीन पायऱ्या बघितल्या आणि म्हणाले, रॅम्प पाहिजे. आठ दिवसांत झाला तर ठीक, नाहीतर हे केंद्र खालच्या शाळेत जाईल. खालची शाळा म्हणजे सगळा डोंगर उतरून हमरस्त्यापलीकडे. सासूबाईंना तिथे न्यायचं तर चौघांनी उचलावं लागलं असतं. त्यांना ते मान्य नव्हतं. "मढं उचलतात तसं मला नेऊ नका," त्या मला म्हणाल्या. "त्यापेक्षा नाही दिलं मत." पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

तात्यांना गवंडीकाम येत नाही. तरी दुसऱ्या दिवशी विटा, रेती, सिमेंट येऊन पडलं. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून तात्या मला नेहमी हाताखाली घेतात. तीन दिवसांत रॅम्प उभा राहिला, घसरगुंडीसारखा. विहीणबाईंना त्यावर चढवण्याआधी तपासणी हवी, म्हणून तात्या स्वतः त्यांच्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, ढकल. अर्ध्यावर माझा जोर संपला. खुर्ची उलटी निघाली ती गल्ली ओलांडून समोरच्या दोरीवरच्या ओल्या धोतरांत जाऊन थांबली. धोतरांतून तात्यांचा आवाज आला, "चढ थोडा जास्त झाला."

तो फोडून त्यांनी दुसरा बांधला. लांब, भिंतीलगत वळसा घेऊन जाणारा, चढ कळूसुद्धा नये असा. संध्याकाळी सिमेंट ओलं असतानाच सासूबाईंनी मला खुर्ची जवळ न्यायला सांगितली. वाकून, सुकलंय का म्हणून बघायला गेल्या आणि तोल सावरताना त्यांचा अख्खा पंजा कडेच्या सिमेंटात उमटला. पाचही बोटं, बांगडीच्या खुणेसकट.

तात्या पांढरे पडले. हात तर एका पक्षाचं चिन्ह. "विहीणबाई, आचारसंहिता चालू आहे," ते हळूच म्हणाले.

"मग काय करू, हात कापून ठेवू?"

तात्यांनी थापी उचलली. सासूबाई म्हणाल्या, "पुसाल तर बघा. ही इमारत बांधली तेव्हा सहा महिने मी घमेली वाहिली. पाटीवर आहे का माझं नाव कुठे?"

तात्या थापी हातात घेऊन तसेच उभे राहिले. पाटीवर त्यांचंही नाव नव्हतं. मग ते खाली बसले आणि पंजाच्या भोवतीचं सिमेंट तेवढं सारखं करून घेतलं.

साहेबांनी टेप लावून रॅम्प मापला आणि पास केला. मतदानाच्या सकाळी पंजावर राशिभविष्य चिकटलेलं होतं. पहिलं मत सासूबाईंचं. मी खुर्ची ढकलली आणि ती अशी वर गेली की मला जोर लावावाच लागला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी शाईचं बोट तात्यांच्या नाकासमोर धरलं. "बरा झालाय रॅम्प," म्हणाल्या. तात्यांचं इतकं कौतुक त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं.

पुढच्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या.

त्यानंतरची निवडणूक आता झाली. तात्या थकलेत, खळीचा डबा मीच धरला. पाटी झाली, बाकं झाली, टाकी झाली, शेवटी ते रॅम्पपाशी बसले आणि पंजावर कागद लावला. चारही कडा बोटाने दाबल्या. इतका वेळ त्यांना दुसऱ्या कुठल्याच कागदाला लागला नव्हता.

निकाल लागून आचारसंहिता उठेपर्यंत तात्या एकाही कागदाला हात लावू देत नाहीत, अजूनही नाही. पण मतदान संपलं, पेट्या घेऊन गाडी डोंगर उतरून दिसेनाशी झाली, तशी त्यांनी माझ्याकडे ओला फडका मागितला. निकालाला अजून दोन दिवस होते. तात्यांनी तो एक कागद सोलून काढला, बोटांच्या खाचांतली खळ निगुतीने पुसली आणि म्हणाले, "झालं, विहीणबाई. मोकळ्या झालात."