महिन्याभराची डॉक्टरीण

करुणा पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात इमर्जन्सीचं शिक्षण घेत होती. अपघात, विषबाधा, हार्ट अटॅक, जे काही दारात येईल त्याला पहिल्या तासाभरात कसं सावरायचं, ते शिक्षण. दोन हजार सात-आठच्या सुमाराला हा अभ्यासक्रम तसा नवाच होता. दौंडला वडील साहेबराव रेल्वेत होते. त्यांना कोणी विचारलं की पोरगी कशाची डॉक्टर होणार, तर ते जरा थांबून सांगत, "घाईच्या पेशंटची."

तिथं शिकणारे बरेच जण रजेच्या दिवसांत आसपासच्या गावांतल्या दवाखान्यांत बदली कामं करत. यवतच्या हौसराव डॉक्टरांचं मणक्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांना महिन्याभरासाठी माणूस हवं होतं. यवत घराच्या वाटेवरचं, म्हणून करुणानं होकार दिला.

हमरस्त्याला लागून दुमजली दवाखाना. खाली तपासणीची खोली, वर मोजक्या खाटा आणि धुरपदाबाई नावाच्या जुन्या नर्स. पहिल्याच दिवशी करुणानं कपाटं उघडून काय आहे, काय नाही ते पाहून घेतलं. श्वास देणारं मशीन नव्हतं. हातानं दाबायचा रबरी फुगा मात्र चांगला होता. ऑक्सिजन होता, साप चावल्यावरची इंजेक्शनं थोडी होती.

पेशंट येत, दारातूनच खुर्चीकडं बघत आणि डॉक्टर कधी येणार म्हणून धुरपदाबाईंना विचारत. ह्याच डॉक्टर आहेत असं कळल्यावर काही बसत, बरेच जण दुखणं अंगावर काढायचं ठरवून परत जात. उरलेल्यांना करुणा खोकल्याचं औषध देई, जखमा बांधी. पुण्यात तिला जेवायला फुरसत नसे. इथं दुपारी ती खिडकीतून जाणारे उसाचे ट्रॅक्टर बघत बसायची.

अशाच एका दुपारी दारात मोटारसायकल थांबली. चालवणारा शंभू, मधे त्याचा बाप म्हस्कू आणि मागून त्याला धरून बसलेला म्हस्कूचा मेहुणा म्हाळू. उसाला पाणी देताना सरीत नागावर म्हस्कूचा पाय पडला होता. ही माणसं एके काळी मेंढरं घेऊन हिंडायची. आता वस्तीवर राहून शेती करत होती.

म्हस्कूच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. नाव विचारलं तर जीभ वळेना. करुणानं सलाईनमधून सापाची इंजेक्शनं सुरू केली, आणखी आणायला बाहेर जमलेल्यांतल्या एकाला दौंडला पिटाळलं. तेवढ्यात म्हस्कूची छाती हलायची थांबली. घशात नळी घालणं भाग होतं. हे काम तिनं पुण्यात कितीदा केलं होतं, पण तेव्हा मागं कोणीतरी मोठं उभं असायचं. पहिल्यांदा नळी चुकली. तिनं ती काढली, फुग्यानं चार श्वास दिले, मान नीट केली आणि पुन्हा घातली. या वेळी छाती वर आली.

मग ती फुगा दाबत राहिली.

वस्तीवरची माणसं टेम्पोतून आली. म्हस्कूची बायको कुशाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. नवरा ना डोळा उघडत होता ना बोट हलवत होता. जिन्यात दाटलेल्या बायांनी हंबरडा फोडला. म्हाळूनं शंभूला बाजूला घेतलं आणि आता नेलेलं बरं, तोवर लाकडाचं मी बघतो, असं सांगितलं. तो हळू बोलला होता, पण खोली लहान होती.

करुणानं शंभूला बोलावून त्याची बोटं बापाच्या मनगटावर ठेवली.

"नाडी लागतीय ना?"

"लागतीया."

"मग? विषानं अंग लुळं पडलंय. कान शाबूत आहेत. त्यांना आपलं सगळं ऐकू येतंय." मग ती कुशाबाईकडं वळली. "मावशी, रडू नका. त्यांच्याशी बोला."

चारचौघांत नवऱ्याशी बोलायची कुशाबाईला सवय नव्हती. शेवटी ती उशाशी वाकून म्हणाली, "मोटार बंद केलीया. पाणी कुठं फुटलं न्हाई. तुमी त्याचा घोर करू नगा." आणि एकदा तोंड उघडल्यावर ती बोलतच राहिली. शेळीला पाजायचं राहिलं होतं ते शेजारणीनं पाजलं, सून सोनमला माहेराहून बोलावलंय, थोरल्या दिराला अजून कळवलं न्हाई, उगं घाबरंल.

पुण्याला फोन केला तर मशीनची खाट संध्याकाळशिवाय मिळणार नव्हती. करुणानं आपल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, रस्त्यात नळी निसटली तर पंचाईत होईल, हात चालतोय तोवर तिथंच थांब. हात दुखायला लागल्यावर तिनं शंभूला फुगा कसा दाबायचा ते शिकवलं. घाई करायची नाही, आपण श्वास घेतो तसंच. नंतर म्हाळूही पाळी घेऊ लागला. दौंडची इंजेक्शनं आली, तीही दिली.

उन्हं उतरली तशी म्हस्कूची भुवई हलली. कुशाबाईला ती आधी दिसली, पण भास असेल म्हणून ती आणखी वाकून बघू लागली. मग पापणी उघडली. अंधार पडायच्या आत तो आपला आपण श्वास घेऊ लागला होता.

दुसऱ्या दिवशी नळी काढल्यावर त्याचा घसा बसला होता. करुणा तपासायला आली तेव्हा तो थांबत थांबत म्हणाला, "समदं ऐकत हुतो मी. वरडावं वाटायचं, पर ववठ हलंना. तुमी म्हणलात नाडी लागतीया, तवा मलाबी कळलं, मी हाय."

करुणानं पुन्हा एकदा त्याची नाडी पाहिली. त्याचा हात थोडा वेळ तसाच धरून उभी राहिली.

म्हाळूला त्यानं लाकडांवरून पुढं कित्येक दिवस पिडलं. ती गोष्ट वस्तीभर झाली. दवाखान्यात आता पेशंट आत येऊन मुकाट बसू लागले. हौसराव डॉक्टर कमरेला पट्टा बांधून परतले. तिनं इथंच राहावं, असं त्यांनी मनापासून सुचवलं. पण शिक्षण अर्धं राहिलं होतं. पुढं प्रत्येक रजेत येईन, एवढं मात्र तिनं कबूल केलं आणि पाळलंही.

दिवाळी झाल्यावर म्हस्कू आणि कुशाबाई करुणाला भेटायला विचारत विचारत दौंडला साहेबरावांच्या रेल्वे क्वार्टरवर गेले. मूळ वडगाव रासाईचं हे कुटुंब, एवढंच त्यांना ठाऊक होतं. दारातून आत पाऊल टाकलं तर समोरच बाबासाहेबांचा मोठा फोटो. म्हस्कूची नजर तिथं जरा थांबली. मग तो पायताण काढून आत आला, सतरंजीवर टेकला आणि करुणाच्या आईनं, भागुबाईंनी पुढं केलेला चहा बशीत ओतून निवांत प्यायला. त्याच्या तरुणपणी तो मेंढरं घेऊन भीमेच्या काठानं वडगावापर्यंत जायचा, असं बोलण्यातून निघालं. मग साहेबराव आणि तो नदीच्या जुन्या उताराविषयी बोलत बसले. पाणी कुठं गुडघाभर असायचं, कुठं डोह होता, यावरून दोघांचं जमेना.

करुणा सकाळीच पुण्याहून ड्यूटी संपवून आली होती आणि आतल्या खोलीत झोपली होती. भागुबाई तिला उठवायला निघाल्या.

"नगा," म्हस्कू म्हणाला. "निजू द्या पोरीला. आमी हाय अजून बसल्यालं."