नवापूरच्या वाळूत उलटी चाललेली मालती

लहानपणी ज्या भुताने तुमच्यापैकी अनेकांची झोप उडविली, ते भूत माझी पत्नी होती.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. मालतीला जाऊन आज एक वर्ष झाले, म्हणून सांगतो आहे.

नव्वदच्या दशकातील ती भुताची मालिका आठवत असेल. प्रत्येक एपिसोडच्या शेवटी पांढऱ्या साडीतील एक बाई, केस मोकळे सोडून, पाठमोरी समुद्राकडे चालत जात असे.

तिच्या पुढे वाळूत पावले आधीच उमटलेली असत. ती चालू लागली की एकेक पाऊल तिच्या पायाखाली पुसले जाई. मागे वाळू कोरी.

गेल्या आठवड्यात भाच्याने त्या दृश्याची क्लिप पाठविली. खाली लिहिले होते, “मामा, ही आपली मामी ना? आई म्हणते.”

मी अजून उत्तर दिलेले नाही.

मालिका निघाली त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही बोईसरहून मालतीच्या माहेरी, जवळच्या समुद्रकाठच्या नवापूरला गेलो होतो. मी तेव्हा पालघरला महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत असे. किनाऱ्यावर शूटिंग चालले होते आणि सारा गाव सुरूच्या सावलीत बसून ते पाहत होता.

युक्ती साधी होती. बाईने समुद्राकडे तोंड करून कॅमेऱ्याच्या दिशेने उलटे चालत यायचे. नंतर टेप उलटी फिरवायची. म्हणजे ती पुढे जाताना दिसते आणि पावले पुसली जातात.

मुंबईहून आलेली नटी तीन वेळा पडली. चौथ्यांदा शिंपला पायात घुसला आणि ती रडू लागली.

मालती मोठ्याने हसली.

दिग्दर्शक चिडला. “हसताय काय? चालून दाखवा.”

“त्यात काय हाय? जाळ्याचा दोर ओढताना आमी अख्खा गाव मागे मागेच चालतो.”

आणि पदर खोचून ती खरोखरच चालली. ओहोटीच्या ओल्या वाळूत, एकदाही मागे न पाहता.

दहा मिनिटांत तिच्या हाती पांढरी साडी आली.

तिची काकी धावत आली. “पोरी, नवरा जिता हाय ना तुजा? मग पांढरं कशाला नेसतेस? अपशकुन हाय तो!”

“काकी, पाठच दिसणार हाय माजी. पुढून मी सवाष्णच.”

तिने कपाळावर नेहमीपेक्षा मोठे कुंकू लावले. मंगळसूत्र पोलक्यात टाकले. हिरव्या बांगड्या उतरविल्या, पण हात रिकामा नको म्हणून एक कोपराच्या वर सरकवून बाहीखाली दडविली.

अपशकुन माझ्या जिवावरचा आहे, असे सगळेच समजत होते. गेली ती. मी इथे बसून हे टाइप करतो आहे.

पुढचे पाच दिवस सकाळच्या ओहोटीला ती चालली. मला तिने कॅमेऱ्याशेजारी उभे केले.

“अहो, तुमी नुसते बोलत राहा. आवाजाच्या रोखाने मी बरोबर येते.”

“काय बोलू?”

“काय पण. प्रोफेसर ना तुमी?”

मी सतराचा पाढा म्हणू लागलो.

दिग्दर्शक ओरडला, “बाई, भूत आहात तुम्ही! हसू नका!”

“पाठ हाय माजी! कुनाला दिसतंय?”

“खांदे हसतायत!”

शेवटच्या दिवशी दिग्दर्शकाचा सहायक वही घेऊन आला. मालिकेच्या नामावलीत घालण्यासाठी त्याला तिचे नाव हवे होते. ती पदर नीट करून पुढे झाली.

मी म्हणालो, “नाव नको. माझे विद्यार्थी ही मालिका पाहतील.”

ती एक पाऊल मागे सरली. मग सहायकाला म्हणाली, “ऱ्हाऊ दे भाऊ. भुताला नाव कशाला?”

त्यावर ती पुन्हा कधीही बोलली नाही. मीही नाही. स्टाफरूममध्ये मालिकेचा विषय निघे, तेव्हा मी वर्तमानपत्र उघडत असे.

आता ती क्लिप मी किती वेळा पाहिली, सांगता येणार नाही. चेहरा नाही. नाव नाही. त्या नटीनेही नंतर मुंबईला या दृश्याचे काही टेक दिले होते, असे ऐकले होते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला माझ्या पत्नीची पाठ खात्रीने ओळखता येत नाही.

एका ठिकाणी वाऱ्याने पदर उडतो आणि कोपराच्या वर काहीतरी हिरवे चमकते. ती बांगडी आहे की जुन्या टेपचा दोष? थांबवून पाहिले तर हिरवे दिसतच नाही. चालू केले की दिसते.

माझा पाढाही ऐकू येत नाही. त्यावर संगीत टाकलेले आहे.

आणखी एक गोष्ट मला उलगडत नाही. पडद्यावर ती माझ्यापासून दूर, पाण्याकडे जाते आहे. पण त्या सकाळी, त्याच पावलांनी, ती माझ्याकडे येत होती. मी तिथेच उभा होतो. कॅमेऱ्याला पाठ लागेपर्यंत ती आली, वळली, आणि कपाळावरचे ते एवढे मोठे कुंकू मला दिसले.

यांपैकी खरे कोणते मानावे? आयुष्यभर मी मुलांना सांगितले की परस्परविरोधी दोन विधाने एकाच वेळी सत्य असू शकत नाहीत.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिचे डोळे मिटलेले असत आणि मी गप्प बसून राही. बोलायला हवे होते का? तिला आवाजाचा रोख कळला असता का? ठाऊक नाही.

भाच्याला आज उत्तर लिहीत आहे. होय, ती मामीच. पुरावा नाही. तरीही होय.

आणि जी ओळ मी तेव्हा लिहू दिली नाही, ती आज सर्वांसमक्ष लिहितो:

भूत – सौ. मालती हरिश्चंद्र राऊत, नवापूर.

मालती, तुला माझा नमस्कार. मी बोलतो आहे.

सतरा एके सतरा.
सतरा दुणे चौतीस.