ओसरीवरची गंगाजळी

भारत देशाची तिजोरी दिल्लीत किंवा मुंबईत असेल, पण तिची राखण आमच्या माकणीच्या ओसरीवरून होते, अशी माझ्या थोरल्या दिरांची, अण्णांची, पक्की खात्री आहे. देशाकडं साठलेले डॉलर आणि सोनं, ह्या सगळ्याला पेपरात गंगाजळी म्हणतात. तिचा आकडा दर शनिवारी छापून येतो. एसटीनं पेपर उतरला की अण्णा आधी तो आकडा शोधतात, मग मरणाच्या बातम्या. धाराशिवच्या एका कचेरीत तीस वर्षं शिपाई होते, तिथंच साहेब लोकांचे पेपर वाचून हे वेड लागलं असं आमचे मालक म्हणतात. सासूबाई वेगळं सांगायच्या. फार मागं देशावर वाईट वेळ आली आणि सरकारला सोनं विमानात घालून परदेशी गहाण ठेवावं लागलं. अण्णांनी ते रेडिओवर ऐकलं आणि दोन दिवस भाकरीला शिवले नाहीत. सासूबाईंना वाटलं पोराला बाधा झाली, त्यांनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. दृष्ट उतरली, गंगाजळी काही उतरली नाही.

आकडा वाढला की गूळ वाटायचा, घटला की घरावर संकट. खायचं तेल बाहेरच्या देशातून येतं, त्यात डॉलर जातात, म्हणून त्या आठवड्यात फोडणी फक्त आपल्या करडईच्या तेलाची. पेट्रोलही बाहेरूनच येतं, म्हणून गाडी बंद. एकदा अशाच घटलेल्या आठवड्यात ते लोहाऱ्याला लग्नाला चालत निघाले आणि पोचले तेव्हा मांडव सोडत होते. लोकांच्या सोन्यावर तर त्यांचा फार राग. एका साखरपुड्यात नवरीच्या आईला म्हणाले, "ही बोरमाळ घेतली न्हवं, देशाचे डॉलर गेले बगा." ती बाई काही कमी नव्हती. "मग सरकार बी बाहेरूनच सोनं घेतंय की! त्येला जाऊन सांगा." अण्णा तीन दिवस जुने पेपर चाळत बसले. चौथ्या दिवशी मुद्दाम तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "सरकार सोनं ठेवतंय, घालून मिरवत न्हाय," आणि पाणीही न पिता परत आले.

आमच्यात थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. मी दाराआड, ते ओसरीवर, अशी आमची चोवीस वर्षं गेली. मला सांगायचं ते सगळं अण्णा अंगणातल्या शेळीला सांगायचे. "शेळीबाई, चहात साखर कमी हाय." "शेळीबाई, ह्या आठवड्यात गंगाजळी लई वाढली, बाहेर राबणाऱ्या लेकरांनी पैसा धाडलाय." मी चौथी शिकलेली. पण शेळीला सांगितलेलं दाराआडून ऐकून डॉलर कसा येतो, कसा जातो, हे मला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्कं झालं. इंग्लंडच्या तिजोरीत ठेवलेलं आपलं सोनं परत आणलं, त्या दिवशी तर अण्णांनी शेळीच्याही तोंडात पेढा घातला.

आणि अशात माझ्या थोरल्या लेकीला मस्कतच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मालक म्हणाले, "अण्णा म्हणतील तसं." मला वाटलं, अण्णा गावभर गूळ वाटतील. पण अण्णा शेळीला म्हणाले, "शेळीबाई, सरकार बाहेरचं सोनं घरी आणाया लागलंय, आन ह्या घरातली माणसं घरचं सोनं बाहेर धाडाय निघालीत. न्हाय म्हणून सांग." लेक न जेवता भिंतीकडं तोंड करून निजली. शनिवार उजाडला, पेपर आला, अण्णांनी आकडा वाचला. वाढला होता. कुठून बळ आलं कुणास ठाऊक, मी डोक्यावरचा पदर धरून दाराबाहेर आले आणि मीही शेळीलाच म्हणाले, "शेळीबाई, त्यांला इचार, बाहेर राबणारी लेकरं कुणाच्याच घरची नसत्यात का? समद्यांनी आपापलं सोनं घरात दडवलं असतं, तर त्यांनी आज वाचलं काय असतं?"

शेळी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं पेपराचं टोक ओढलं आणि खायला लागली. अण्णांनी तिला हाकललं नाही. उठून रानात धनगराच्या वाड्यावर गेले ते दिवस मावळताना आले, खांद्यावर नवी कोरी घोंगडी. थेट माझ्याकडं बघून म्हणाले, "ही तिच्या पेटीत घाला."

"अण्णा, तिथं लई ऊन असतंय म्हणं," मी म्हणाले.

"आसू द्या. दवाखान्यात एसी लावत्यात. पोरगी गारठायची."

घोंगडीनं निम्मी पेटी भरली. लेकीनं चार साड्या काढून ठेवल्या, घोंगडी नाही काढली.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. महिन्याला पैसे येतात, फोन येतो. अण्णा तिला विचारतात, "जेवलीस का?" आणि तिनं उत्तर द्यायच्या आत फोन माझ्या हातात देतात. परवाच्या शनिवारी आकडा पुन्हा वाढला. मला वाटलं, आता गूळ मागतील. मी भाकरी थापत होते. अण्णांनी पेपर मांडीवर ठेवला.

"वाढली का अण्णा?" मी विचारलं.

"वाढली." मग पेपराची घडी घालत म्हणाले, "तुमाला काय वाटतंय, कितीवर गेली म्हंजी बास, आता लेकरं घरी या, म्हणत असतील?"

"मला काय ठावं, अण्णा."

"व्हय," ते म्हणाले. "पेपरात बी कुठं देत न्हाईत."