चौकटरावाच्या तोंडातले खिळे

फोटोच्या मापाची चौकट करायची की चौकटीच्या मापाचा फोटो, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडत नाही. चौकटरावालाही पडला नाही, पण त्याचं कारण शहाणपण नव्हतं.

बाजाराच्या रस्त्याला, बेकरीच्या भिंतीला भिंत लावून त्याचं फ्रेमांचं दुकान. पुढे काचा, आरसे, लाकडी पट्ट्या, मागच्या दोन खोल्यांत संसार. स्वतःच्या लग्नाचा फोटो यानं स्वतःच्या हातानं बसवला. हाताशी होती ती चौकट दोन बोटं लहान निघाली. दुसरा कुणी असता तर त्यानं नवी चौकट केली असती. यानं फोटो कापला. आणि कापला कुठून, तर बायकोच्या बाजूनं. तेव्हापासून ती बाई भिंतीवर एकाच कानानं नांदते आहे. कुणी विचारलंच तर म्हणते, "बरंच झालं की! यांचं बोलणं निम्मंच ऐकावं लागतं."

आणि बोलणं तरी कसलं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. एकदा एक बाई वारलेल्या सासऱ्यांचा फोटो घेऊन आल्या, डोळे पुसत. यानं फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "नाक जरा बसकंच होतं, नाही?" रडत आलेलं गिऱ्हाईक भांडत गेलं. याला मात्र वाटलं, आपण आपुलकीनं चौकशी केली.

हा माणूस गप्प बसायचा तो फक्त चौकट ठोकताना. बारीक खिळे ओठांत धरायचे, एकेक काढायचा आणि ठोकायचा. तेवढा वेळ दुकानात हातोडीचा आवाज काय तो यायचा. त्याची लेक लहानपणी नेमकी तेव्हाच येऊन त्याच्या शेजारी बसायची. चौकटराव मनात फुगायचा, पोरीला धंद्याची आवड दिसते!

या लेकीला सगळे टिटवी म्हणत. अंग काडीचं आणि पाय हे लांब. टिटवी म्हणे आभाळ कोसळेल या भीतीनं पाय वर करून झोपते. हिच्या पायांवर आभाळ नव्हतं, बाप होता. आभाळ परवडलं असतं.

शाळेत उशीर झाला म्हणून फाटक बंद, तर ही पोर बाजूच्या कुंपणावरून अलगद पलीकडे उतरली. खेळाच्या बाईंनी ते पाहिलं. त्यांना पोरं शिट्टीबाई म्हणत. बाईंनी शिक्षा करायची सोडून तिला उंच उडीला घातलं. टिटवीला ते फार आवडलं. पळत यायचं, पाठ वळवायची, दांडीवरून उताणं जायचं आणि गादीवर पडून आभाळ बघायचं. पहिला कप घरी आला आणि तिथेच घात झाला. आता त्यात चौकटराव शिरला.

त्याचं व्याकरण मोठं सोयीचं होतं. पोरगी जिंकली की बेकरीवाल्याला सांगणार, "आपण जिंकलो!" हरली की घरात पाऊल टाकायच्या आत, "तू हरलीस." नफ्यात भागीदार, तोट्यात शेजारी. वर शिकवणी वेगळीच. स्टुलावर चढायला ज्याला बायकोचा खांदा लागतो, तो पोरीला सांगायचा, "कंबर अशी वळव. पाय असा झटक." एकदा वळवून दाखवायला गेला, तर पुढे आठवडाभर शेकत पडला होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण यानं एक झकपक सोनेरी चौकट केली आणि जेवायच्या खोलीत, पोरीच्या अगदी समोर टांगली. आत काही नाही, नुसता पुठ्ठा.

"जिल्ह्याच्या मेडलची जागा," तो म्हणाला. "आधीच धरून ठेवली."

टिटवी रोज त्या रिकाम्या चौकटीसमोर बसून घास गिळायची. मग तेही होईना. स्पर्धा जवळ आली की सकाळी पोटात कळ यायची. बाप म्हणायचा, "नाटकं!" आई पोरीच्या पाठीवरून हात फिरवायची.

जिल्ह्याच्या स्पर्धेला चौकटराव कुंपणापाशी सगळ्यात पुढे. एकेक मुलगी बाद होत गेली. शेवटी टिटवी आणि दुसऱ्या शाळेची एक मुलगी उरल्या. ती मुलगी अडकली, टिटवी पार झाली. झालं, पहिला नंबर टिटवीचा. पण बाईंनी विचारलं, "अजून वर बघायची का?" टिटवी हसून हो म्हणाली. दांडी वर चढवली. तिनं तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा दांडी खाली आली. तरी पोरगी गादीवर हसत होती. इतक्या उंचीला तिनं कधी हातही लावला नव्हता.

तेवढ्यात कुंपण ओलांडून चौकटराव मैदानात. दरवर्षी येत होता, पण खेळाचा नियम कधी विचारला असेल तर शपथ.

"हरलीस! तीनदा पाडलीस! सगळ्यांदेखत नाक कापलंस माझं!"

ती दुसरी मुलगी बूट सोडता सोडता म्हणाली, "काका, ती पहिली आलीय. मी दुसरी."

एखाद्याला लाज वाटली असती. यानं श्वासही घेतला नाही. दोन्ही हात वर करून ओरडला, "आपण जिंकलो!"

सगळं मैदान हसलं. टिटवीचं हसू मात्र तिथेच विझलं.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बापानं हटकलं, "सरावाला दांडी मारतेस?"

"तुम्हाला पाडलेली चालत नाही," ती म्हणाली, "मग मारते."

मेडल आणून तिनं काउंटरवर ठेवलं. "हे घ्या तुमचं. तुम्ही जिंकलात ना?"

पुढच्या मोठ्या स्पर्धेची तारीख येत होती आणि पोरगी दुकानात काचा पुसत बसली होती. बापानं समजावलं, दटावलं, बेकरीवाल्याच्या मुलाचे दाखले दिले. पालथ्या घड्यावर पाणी. घडा कोण, हे मात्र त्याच्या लक्षात येत नव्हतं. त्या रात्री जेवताना त्यानं मान वर केली तर सोनेरी चौकटीत एक मेंगळट तोंड त्याच्याकडे बघत होतं. बायकोनं पुठ्ठा काढून आरसा बसवला होता.

"अगं, हे काय?"

"जिंकणाऱ्याचा फोटो हवा होता ना? बघा पोटभर."

चौकटरावानं आरशात पाहिलं आणि भांग नीट केला. इतकंच त्याला उमगलं.

मग एका दुपारी शिट्टीबाई दुकानात आल्या. देवानं बरी वेळ साधली होती. चौकटरावाच्या ओठांत खिळे, दोन्ही हातांत एका मोठ्या चौकटीचा डिंक लावलेला कोपरा. हात सोडला तर कोपरा निसटणार, तोंड उघडलं तर खिळे सांडणार. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाचं तरी ऐकून घ्यावं लागलं.

"अहो चौकटराव, उंच उडीत पहिला येणाराही शेवटी दांडी पाडतो. पाडेपर्यंत वर चढवत जातात. नाही पाडली तर खेळ संपायचा कसा?"

"ऊं," चौकटराव म्हणाला.

"तुमच्या लेकीला उडीची भीती नाही. दांडीचीही नाही. उडी झाल्यावर तुमचं तोंड बघावं लागतं, त्याची आहे."

"ऊंऊं!"

"तुम्ही काही शिकवू नका. ते माझं काम. तुम्ही बाप व्हा, ती जागा रिकामी आहे."

एवढं बोलून बाई गेल्या. डिंक अजून ओला होता. काच पुसणारी टिटवी उठली आणि लहानपणीसारखी त्याच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, असे असलात की किती बरे वाटता हो तुम्ही."

तो कोपरा धरून तसाच बसला.

"मी मोठ्या स्पर्धेला जाईन. तुम्हीही या. पण खिळे तोंडात धरून. घरी येईपर्यंत काढायचे नाहीत."

दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. चौकटरावानं मान हलवली.

स्पर्धेच्या दिवशी कुंपणापाशी हे ध्यान उभं! ओठांतून चार खिळे बाहेर, कपाळाला घाम. मागून बायको सारखी बजावतेय, "गिळाल हं!" लोक बघायचे, कोपरानं एकमेकांना ढोसायचे. टिटवीनं पळत येऊन उडी मारली, पार. दांडी वर गेली, पुन्हा पार. त्यानंतरची उंची तिनं आधी सहज काढली होती, पण त्या दिवशी तिनं तीनदा पाडली. चौथी आली. गादीवरून उठून तिनं पहिल्यांदा कुंपणाकडे पाहिलं.

चौकटरावाचा गळा दाटून आला होता, सल्ल्यानं. ती जवळ येताच त्यानं घाईघाईनं खिळे काढले. "अगं, तू ती शेवटची..."

टिटवी नुसती बघत राहिली. त्यानं हातातल्या खिळ्यांकडे पाहिलं, आणि एकेक करून परत ओठांत ठेवले.

पोरगी खदखदून हसली. कित्येक दिवसांनी. "बाबा, भूक लागलीय."

"ऊं," म्हणून बाप चालू लागला.

घरी पोहोचले तर बेकरीवाला फळीवर टेकून वाटच बघत होता. "काय चौकटराव, काय झालं?"

चौकटरावानं खिळे खिशात टाकले. ओठ बधिर झाले होते, डोकं नेहमीचंच. त्यामुळेच निसटलं असणार.

"चौथे आलो," तो म्हणाला.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. हरल्यावरचं 'आलो' त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं.

"आलो नाही, आले," टिटवी म्हणाली. "चौथी मी आले. तुम्ही कुंपणाला टेकून उभे होता." आणि हसत आत गेली.

चौकटरावाला शहाणपण आलं असं कुणी समजू नये. सकाळी टिटवी बुटांच्या नाड्या बांधून मैदानाकडे निघाली तेव्हा तो दुकानाचं दार उघडत होता. तिला पाहताच त्याचं तोंड आपोआप उघडलं, "हे बघ, आज कंबर..."

मागून बायकोनं खिळ्यांची डबी पुढे केली.