आठवी होडी

शिवरामकाकांना धावताना मी जन्मात पाहिलेलं नाही. मोहन्याच्या कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी काढली, तीही रमतगमत. भोंगा व्हायच्या आत फाटकाशी हजर असायचे, कारण घरून निघायचेच मुळी पहाटे. निवृत्त झाल्यावर लाकडी होडी आणि खाडी, बस. होडीचं नाव ‘केशर’. घरातल्या केशरबाईंना त्यात काही विशेष वाटत नाही. “दोघी पण जुन्या झाल्या, त्याला दोघींशिवाय करमत नाय,” असं त्या सांगतात.

आमचं गाव डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या काठावर. मागे टॉवर उभे राहिले, पण पुढे खाडी अजून आमची आहे. गावात पाडे दोन, आमचा वरचा आणि दुसरा खालचा. नारळी पौर्णिमेला दोन्ही पाड्यांच्या चार-चार होड्या वल्ह्यांवर शर्यतीला उतरतात. जिंकणाऱ्या पाड्याला सोनेरी कागदात गुंडाळलेला मानाचा नारळ खाडीला अर्पण करायचा मान. वेळ लावतो मी, साईनाथ. ठाण्याला कचेरीत मला कुणी विचारत नाही, पण त्या दिवशी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून धक्क्यावर उभा राहिलो की आमदारसुद्धा बाजूने जातात.

नियम असा, की पाड्याच्या चारही होड्यांच्या वेळांची सरासरी काढायची, ज्याची कमी तो पाडा जिंकला. आणि इथेच दरवर्षी आमचं घोडं पेंड खायचं. आमच्या तीन होड्या वीस-वीस मिनिटांत येतात आणि शिवरामकाका तासाभराने. वळणावरच्या तिवरांच्या झाडीत एक शेंदूर फासलेला दगड आहे, आमचा खाडीतला देव. पूर्वी शर्यतीतली प्रत्येक होडी तिथे थांबून आबोलीचं फूल वाहायची. मग फायबरच्या होड्या आल्या, पोरांना घाई झाली, देव मागे पडला. काका मात्र अजून चिखलातून होडी आत घालतात आणि आठही होड्यांच्या नावाने आठ फुलं वाहतात. त्यात वरच्या आणि खालच्या पाड्याचा भेद नाही.

यंदा आमच्या मंडळाचा अध्यक्ष जयेश वैतागला. तो मुलगा वाईट नाही, पण नारळ हातात धरलेला फोटो त्याला हवाच होता. त्याने काकांसाठी चांगली जाड शाल आणली आणि घरी जाऊन म्हणाला, “काका, या वर्षी तुमचा सत्कार. तुम्ही स्टेजवर बसायचं. होडी आपल्या मंडळातला नयन वल्हवेल.”

काका वल्ह्याला तेल लावत होते, ते लावत राहिले. बोलल्या केशरबाई. “शाल देतान तवा समजायचं, माणसाला उठवला. घेऊन जा ती.”

मला राग आला तो जयेशचा नव्हे, काकांच्या गप्प बसण्याचा. माणसाने भांडावं की! त्यांच्या वतीने भांडली त्यांची नात भाविका. ती ठाण्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. दोन्ही पाड्यांची बैठक गावदेवीच्या देवळात भरली तेव्हा ती उठली.

“साईनाथकाका, गेल्या वर्षी आपल्या पाड्याची सरासरी किती आलेली?”

“अर्धा तास,” मी रुबाबात सांगितलं.

“आणि अर्ध्या तासात आलेली होडी कुठली?”

मी आठवून पाहिलं. अशी होडीच नव्हती. तीन होड्या वीस मिनिटांच्या, एक तासाची. अर्धा तास कुणालाच लागला नव्हता.

“तेच ना! वेळा साधारण जवळजवळ असतील तर सरासरी बरोबर बोलते. एक जण खूप लांब गेला की ती त्याच्याकडे ओढली जाते. मग ती धड त्याची पण राहत नाही आणि बाकीच्यांची पण नाही.”

“मग काय करायचं? मधल्या होडीची वेळ धरायची?” खालच्या पाड्याचे गुणाजी म्हणाले. हे गुणाजी म्हणजे पक्कं मुरलेलं लोणचं. “मग पहिल्या येणाऱ्याने हात कशाला दुखवायचे?”

“ते पण बरोबर आहे काका. म्हणून वेळच सोडून देऊ. आठही होड्यांना नंबर द्यायचे, एक ते आठ. आपापल्या पाड्याचे नंबर मिळवायचे. ज्याची बेरीज कमी, तो जिंकला. शेवटचा मिनिटभर उशिरा आला काय आणि तासभर उशिरा आला काय, आठवा तो आठवाच.”

“आणि आमची होडी पाच मिनिटं आधी आली, तरी फरक एकाच नंबरचा?”

“हो. तुमचं तेवढं नुकसान होणार,” भाविका सरळ म्हणाली. लपवाछपवी केली असती तर गुणाजींनी तिला तिथेच गुंडाळलं असतं. पण ते दाढी खाजवत राहिले आणि मग त्यांची नजर माझ्या गळ्यावर आली. “म्हंजे ते घड्याळ नको? दर वर्षी घड्याळावरून भांडणं होतान. कोण आधी धक्क्याला टेकला ते तर आंधल्याला पण कळतं. मना मंजूर हाय.”

असं त्या पोरीने आजोबांना शर्यतीत ठेवलं आणि माझं घड्याळ खुंटीला टांगलं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

पौर्णिमेच्या दुपारी खाडी तुडुंब भरली होती. होड्या सुटल्या. पहिली आमची, दुसरी त्यांची, तिसरी आमची, चौथी त्यांची. माझा घसा बसला. पाचवी आमची टेकली, मागोमाग त्यांच्या उरलेल्या दोन. आमची बेरीज सतरा आणि त्यांची एकोणीस! आठवा नंबर कुणाचा हे सांगायला ज्योतिषी नको होता. वरचा पाडा जिंकला होता. ताशे वाजायला लागले आणि जयेशने नारळ उचलला.

पण भरती थांबली होती. पाणी उतरायच्या आत नारळ सोडायचा, ही रीत. जयेशने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा वळणाकडे. “निकाल तर लागलाय...” तो पुटपुटला.

“काय लागला?” गुणाजी हरलेले होते, तरी तेच पुढे आले. “आठ होड्या गेल्यान, सात आल्यान. आठवा नंबर आल्याशिवाय शर्यत पुरी कशी? थांबव ते ताशे.”

ताशे थांबले. अख्खं गाव वळणाकडे बघत उभं राहिलं. खूप वेळाने तिवरांतून ‘केशर’ निघाली, तीही आपल्याच चालीने. काका गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले, कानामागे एक आबोली. काठावरची एवढी गर्दी पाहून ते जरा बावरलेच.

“कितवा आलो रं?” त्यांनी विचारलं.

“आठवा!” दोन्ही पाडे एकदम ओरडले.

“म्हंजे नेहमीचाच,” असं म्हणून ते हसले. जयेश पाण्यात उतरला आणि त्याने नारळ त्यांच्या हातात दिला. फोटोचं त्याच्या लक्षातही राहिलं नाही. काकांनी नारळ कपाळाला लावला आणि हळूच, त्यांच्या पद्धतीने, पाण्यावर ठेवला. पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं. नारळ डुलत खाडीच्या तोंडाकडे निघाला.

काका काठावर आले तेव्हा वारा सुटला होता आणि ते ओल्या अंगाने कुडकुडत होते.

“जयश्या,” केशरबाईंनी हाक मारली, “कुठं हाय ती तुझी शाल? आण आता.”