आक्काच्या वाटचं जेवण

रुग्णालयाच्या भटारखान्यात उभा जन्म काढलेल्या बाईला बेताचा स्वयंपाक कुठून येणार? आक्का निवृत्त झाली, एकटी राहू लागली, तरी तिचा भात दोन दिवस पुरायचा आणि मीठ ती अजूनही वेगळ्या वाटीत ठेवायची. न जाणो, कुणाला पथ्य असलं तर! पथ्य फक्त तिलाच होतं आणि ती ते पाळत नव्हती.

दरवर्षी सुट्टीत मधली बहीण आणि धाकटा भाऊ आपापल्या कुटुंबासकट येत आणि तिला डोंगरातल्या एका हॉटेलात घेऊन जात. चार दिवस गॅसजवळ फिरकायचं नाही, अशी मधलीची सक्त ताकीद असे. आक्का तिथे पांढऱ्याशुभ्र टेबलाशी अवघडून बसायची आणि दुसऱ्याच्या हातचं सूप चाखून नाक मुरडायची. मनात मात्र एक शंका तिला खात असे. आपल्या हातचं खावं लागू नये, म्हणून तर ही मंडळी आपल्याला उचलून नेत नाहीत ना?

शंका उगाच नव्हती. आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा मधली शाळेत होती आणि धाकट्याचे दुधाचे दात पडत होते. आक्का भटारखान्यात लागली. तिथे कामावर असताना तिला दोन वेळचं जेवण मिळायचं. ते ती डब्यात भरून घरी आणायची. मऊ भात, भोपळ्याचं सूप, नशीब असलं तर उकडलेलं अंडं. एकदा मधलीने ‘तू जेवलीस का?’ असं विचारून घास हातातच धरून ठेवला, तेव्हा आक्काने ठोकून दिलं, ‘जेवले की. आज पुष्कळ उरलं होतं.’ त्या दिवसापासून भटारखान्यात रोज पुष्कळ उरू लागलं. ओढाताणीचे दिवस होते खरे, पण आक्काला त्यांची फार आठवण यायची. संध्याकाळी दार उघडलं की दोन चेहरे आधी डब्याकडे बघत आणि मग तिच्याकडे. तशी वाट बघणारं आता कुणी नव्हतं.

यंदा सगळे स्टेशनवर जमले, बॅगा रचून झाल्या, आणि घाटात रुळांवर दरड कोसळल्याची घोषणा झाली. गाडी रद्द. परत जायलाही सकाळपर्यंत काही नाही. धाकटा फोनवर दहा जणांशी भांडून घसा बसवून आला. शेवटी सगळा लवाजमा आक्काच्या दोन खोल्यांत येऊन पडला.

घर बंद राहणार म्हणून तिने फ्रिज आणि डबे रिकामे केले होते. उरले होते तांदूळ, थोडं लोणी आणि टिकेल म्हणून ठेवलेला एक भला मोठा भोपळा. म्हणजे नेमकं तेच यांच्यापुढे ठेवायचं?

‘‘बाहेरून काही मागवता येतंय का बघ रे,’’ ती धाकट्याला म्हणाली.

‘‘सुट्टीचं सगळं बंद आहे, आक्का. कर काहीही. चालेल.’’

ते ‘काहीही’ तिला लागलं. तरी तिने माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं. इतक्या माणसांचं रांधायचं म्हटल्यावर तिच्या हातांना कुठे जरा हुरूप आला. मधली भोपळा चिरायला बसली.

‘‘केवढाल्या फोडी या! घशात अडकतील कुणाच्या तरी.’’

‘‘इथे कुणी पेशंट नाहीये, आक्का.’’

‘‘तुझा नवरा आहे की. सकाळपासून कण्हतोय.’’

पलंगावर, बॅगांवर, जमिनीवर, मिळेल तिथे सगळे जेवायला बसले. आक्का वाढायला उभी राहिली. धाकट्याने पहिला चमचा तोंडात घातला, थोडा थांबला आणि मग भराभर जेवू लागला.

‘‘बाबा, तुम्ही तर भोपळा खात नाही,’’ त्याची लेक म्हणाली.

‘‘लहानपणी रोज खाल्लाय. आक्का दवाखान्यातून आणायची. पेशंट लोकांच्या ताटात राहायचं ना, ते. त्यावरच वाढलोय आम्ही.’’ तो हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

‘‘गप रे,’’ मधली म्हणाली.

‘‘गप कशाला? तेव्हा होतो की गप. शाळेत थापा मारायचो, आमच्याकडे स्वयंपाकीण आहे म्हणून.’’

आक्काच्या हातातला डाव थांबला. म्हणजे इतकी वर्षं हा पोरगा ते लोकांचं उष्टं समजून गिळत होता. ती नेहमीसारखी गप्प बसली असती तर विषय हसण्यावारी गेला असता. खरं सांगितलं तर त्याची लाज जाईल, पण त्याहून जड काहीतरी त्याच्या उरावर बसेल, हेही तिला कळत होतं. पण तिच्यातली स्वयंपाकीण भडकली.

‘‘उष्टं? मी तुम्हाला उष्टं घातलं?’’

‘‘अगं, तूच म्हणायचीस ना, उरलं होतं...’’

‘‘उरलेलं शीतसुद्धा बाहेर नेऊ देत नव्हते तिथे. माझ्या वाटचं जेवण होतं ते. पहिल्या वाफेचं काढून ठेवायचे, तुमच्यासाठी.’’

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. मधलीने हातातली वाटी हळूच खाली ठेवली.

‘‘दोन्ही वेळचं?’’

‘‘चव घेत होते की दिवसभर.’’

‘‘आक्का, दोन्ही वेळचं आणायचीस?’’

आक्का पातेलं ढवळत राहिली. धाकटा उठला. त्याने तिच्या हातून डाव काढून घेतला, एका ताटात भात वाढला, वर सूप घातलं आणि तिला खांद्याला धरून पलंगावर बसवलं.

‘‘आधी तू जेव.’’

‘‘अरे, निवतंय तुमचं.’’

‘‘निवू दे.’’

‘‘असे बघत बसलात तर मला घास जाईल का?’’ ती कुरकुरली. पण तिला भूक लागली होती आणि ती जेवू लागली. पोरांना धड काही कळलं नव्हतं, तरी त्यांनीही चमचे खाली ठेवले. आक्काचं ताट रिकामं होईपर्यंत त्या खोलीत दुसऱ्या कुणीही घास घेतला नाही.